फिटचं ऑपरेशन: निर्णयाआधी काय तपासायचं आणि नंतरची वर्षं कशी सांभाळायची

फिटच्या आजारावर मेंदूचं ऑपरेशन सुचवलं की घरात पहिला प्रश्न निघतो: जिवाला धोका किती? प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. ऑपरेशन न करता फिट येतच राहिल्या तर जिवाला धोका किती, हेही त्याच बैठकीत विचारायला हवं. टेम्पोरल भागाच्या, म्हणजे कानाच्या वरच्या बाजूला आत असलेल्या मेंदूच्या ऑपरेशनात मृत्यूचं प्रमाण हजारात चारच्या आसपास नोंदलं गेलं आहे. इतर भागांच्या ऑपरेशनात ते शंभरात एकाच्या थोडं वर जातं. दुसरीकडे, फिटचा आजार असलेल्या मोठ्या माणसांपैकी दरवर्षी हजारात साधारण एक जण अचानक दगावतो. बहुतेक वेळा हे रात्री झोपेत होतं आणि शवविच्छेदनात दुसरं कारण सापडत नाही. औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या फिट ज्यांना येतात, त्यांच्यात हे प्रमाण कित्येक पटींनी वाढतं. विहिरीत पडणं, चुलीवर भाजणं, गच्चीवरून कोसळणं यात धरलेलंच नाही. ऑपरेशनचा धोका एकदा पत्करायचा असतो, फिटचा धोका दरवर्षी नव्याने उभा राहतो.

सोलापुरातलं कुटुंब या ऑपरेशनासाठी बहुधा पुणे, मुंबई, बेंगळुरू किंवा तिरुवनंतपुरमला जातं आणि आठ-दहा दिवसांत परत येतं. ऑपरेशन यशस्वी झालं की नाही हे मात्र पुढची दोन ते पाच वर्षं ठरवतात, आणि ती वर्षं घरीच काढायची असतात. म्हणून ऑपरेशन थिएटरात काय होतं यापेक्षा त्याच्या आधी आणि नंतर घरच्यांनी काय करायचं, यावर इथे जास्त भर आहे.

ऑपरेशनाचा विचार केव्हा करायचा

नियम सोपा आहे. फिटच्या प्रकाराला योग्य अशी दोन औषधं, पुरेशा डोसात, नियमित घेऊनही फिट थांबत नसतील तर तो आजार औषधांना न जुमानणारा समजतात. ग्लासगोतल्या 2000 सालच्या एका गाजलेल्या अभ्यासात नव्या रुग्णांपैकी 47 टक्के पहिल्या औषधावर फिटमुक्त झाले, दुसऱ्यावर आणखी 13 टक्के, आणि त्यापुढे मोजकेच. तिसरी, चौथी, पाचवी गोळी वाढवत दहा-पंधरा वर्षं काढणं हीच आपल्याकडची सगळ्यात महागडी चूक आहे. त्या काळात शाळा सुटते, नोकरी जाते, स्मरणशक्ती झिजते, आणि मग चाळिशीत कोणीतरी ऑपरेशनाचं नाव काढतं.

दोन औषधं हरली म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. आधी खालच्या शक्यता तपासून घ्या, कारण यातली एखादी निघाली तर कवटी उघडायची गरजच पडत नाही.

पहिली शक्यता, गोळ्या खरोखर रोज पोटात जातात का? पाकिटं मोजा. दुसरी, औषध चुकीचं तर नाही? सकाळी उठल्यावर हात झटकून कप पडणं, हा किशोरवयात सुरू होणारा एक प्रकार आहे. कार्बामाझेपीन या औषधाने तो बिघडतो आणि योग्य औषधाने बहुतेकांत आटोक्यात येतो. त्याला ऑपरेशन नाही. तिसरी, त्या फिटच नसतील. मानसिक ताणातून येणारे झटके दिसायला हुबेहूब तसेच असतात. डोळे गच्च मिटलेले, झटके थांबून-थांबून, पंधरा-वीस मिनिटं चालणारे असतील तर ही शंका धरून व्हिडिओ ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरी आणि माणसाचं चित्रण एकाच वेळी टिपणारी तपासणी, करून घ्या. चौथी, मेंदूत जंताच्या गाठीचा एखादा कॅल्शियम झालेला ठिपका. आपल्याकडे एमआरआय आणि सीटीत तो वारंवार दिसतो. अशा बहुतेकांच्या फिट औषधाने थांबतात, त्यामुळे ठिपका दिसला म्हणून घाई करू नका.

फायदा कोणाला किती

'ऑपरेशनाने फिट बंद होतात का?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. कारण कोणतं, ते एमआरआयमध्ये दिसतं का, आणि तो भाग पूर्ण काढता येतो का, या तीन गोष्टींवर सगळं अवलंबून असतं.

लहानपणी तापात लांबलेली फिट आली, काही वर्षं बरी गेली आणि मग पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटून एकटक बघणं, तोंडाने चघळल्यासारखं करणं, कपडे चाचपणं सुरू झालं, हे चित्र बऱ्याच घरांत ओळखीचं असेल. त्यात बहुधा हिप्पोकॅम्पस हा टेम्पोरल भागातला आतला तुकडा आक्रसलेला असतो. ऑपरेशनाचा उत्तम फायदा होणारा हा प्रकार आहे. दोन वर्षांनी दहातले सात जण त्रासदायक फिटपासून मुक्त असतात. मेंदूतल्या हळू वाढणाऱ्या साध्या गाठींमध्ये हे प्रमाण त्याहून थोडं जास्त, आणि एमआरआयमध्ये काहीच दिसत नसेल तर निम्म्यावर किंवा त्याखाली येतं. जन्मानंतर बाळाची साखर उतरल्याने किंवा गुदमरल्याने मेंदूच्या दोन्ही बाजूंना इजा झाली असेल तर काढून टाकण्यासारखा एक भागच नसतो. अशा मुलांसाठी वेगळे पर्याय आहेत, ते पुढे येतील.

औषध आणि ऑपरेशन यांची समोरासमोर तुलनाही झाली आहे. कॅनडात 2001 साली 80 रुग्णांवर झालेल्या चाचणीत, एका वर्षाने, शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून ऑपरेशन गटातले 58 टक्के मुक्त होते, औषध गटातले 8 टक्के. त्या वर्षात एक मृत्यू झाला, तो औषध गटात. दिल्लीच्या एम्समध्ये 116 मुलांवर असाच अभ्यास झाला आणि 2017 मध्ये प्रसिद्ध झाला: ऑपरेशन झालेल्यांत 77 टक्के फिटमुक्त, नुसत्या औषधावर 7 टक्के. त्याच अभ्यासात ऑपरेशन झालेल्या तिघांत एका मुलाला गंभीर दुष्परिणाम झाला, बहुतेक एका बाजूची कमजोरी, आणि तीही बऱ्याच मुलांत आधीच सांगून पत्करलेली. फायद्याचा आकडा सांगताना हा दुसरा आकडा कोणी गाळत असेल तर थांबून विचारा.

आता लांबचा हिशेब. लंडनमध्ये ऑपरेशन झालेल्या 615 प्रौढांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. पाच वर्षांनी 52 टक्के आणि दहा वर्षांनी 47 टक्के जण, पोटात कळ येण्यासारखी नुसती पूर्वसूचना सोडली, तर पहिल्या दिवसापासून सलग फिटमुक्त होते. फिटमुक्त असलेल्यांपैकीही औषधं पूर्ण बंद करता आली ती फक्त 28 टक्क्यांना. म्हणजे 'ऑपरेशन झालं की गोळ्या सुटणार' या आशेवर निर्णय घेऊ नका. फिट थांबवणं हे उद्दिष्ट धरा. गोळ्या कमी झाल्या तर तो वरचा लाभ.

निघण्याआधीची तयारी

सोलापुरात काय होऊ शकतं? औषधांचा नीट आढावा, साधा ईईजी, एमआरआय आणि मानसोपचार, एवढं सिव्हिलमध्ये किंवा खासगी न्यूरोलॉजिस्टकडे उरकता येतं. व्हिडिओ ईईजी, पेट स्कॅन, स्मृतीच्या सविस्तर चाचण्या आणि प्रत्यक्ष ऑपरेशन यासाठी हे काम नेहमी करणाऱ्या केंद्रातच जा. मुंबईत केईएम, बेंगळुरूला निम्हान्स, तिरुवनंतपुरमला श्री चित्रा संस्था. तिथे 1995 पासून ही ऑपरेशनं होत आहेत. मुंबईला सिद्धेश्वर एक्सप्रेस, पुण्याला हुतात्मा, बेंगळुरूला उद्यान. अंतर म्हणून कमी अनुभवाचं केंद्र निवडू नका.

एमआरआय फिटच्या खास पद्धतीने झालेला हवा: शक्यतो 3 टेस्ला मशीन, एक मिलिमीटर जाडीचे काप, आणि हिप्पोकॅम्पसला आडवे घेतलेले काप. साध्या डोकेदुखीच्या पद्धतीने काढलेल्या एमआरआयवर 'नॉर्मल' लिहून आलेले कितीतरी रुग्ण नीट काढलेल्या एमआरआयमध्ये नॉर्मल नसतात. मागणीपत्रावर डॉक्टरांकडून 'एपिलेप्सी प्रोटोकॉल' असं लिहून घ्या आणि फिल्मबरोबर सीडी मागा. मोठ्या केंद्रात फिल्मपेक्षा सीडी कामाची.

फिट येत असताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. तोंड, दोन्ही हात आणि पाय एका चौकटीत दिसले पाहिजेत, अंगावरची चादर बाजूला करा आणि मध्ये-मध्ये नाव विचारा, एखादी वस्तू दाखवून 'हे काय?' म्हणा. फिट संपल्यावर किती वेळाने बोलता आलं, हेही त्यात येऊ द्या. बोलणं उशिरा परतलं तर फिट भाषेच्या बाजूने सुटली असण्याची शक्यता वाढते, आणि सर्जनसाठी ही माहिती मोलाची असते.

व्हिडिओ ईईजीला तीन ते पाच दिवस दाखल व्हावं लागतं आणि फिट पकडण्यासाठी गोळ्या मुद्दाम कमी करतात. हे डॉक्टरच करतात. घरून निघताना आपल्या मनाने गोळी बंद करू नका, नाहीतर गाडीतच एकामागून एक फिट सुरू होऊ शकतात.

सोलापूरकरांसाठी एक गोष्ट फार महत्त्वाची. स्मृती आणि शब्द आठवण्याच्या चाचण्या माणूस घरात जी भाषा बोलतो त्या भाषेत व्हायला हव्यात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरात बोलणं तेलुगूत, शाळा मराठीत. कुठे घरी कन्नड, कुठे दखनी. चाचणी घेणारा चित्र दाखवून 'याला काय म्हणतात' विचारतो. शब्द तेलुगूत लगेच सुचला आणि मराठीत अडला, तर कागदावर 'शब्द आठवत नाहीत' अशी नोंद होते, आणि मेंदूची भाषेची बाजू कमजोर असल्याचा चुकीचा निष्कर्ष निघू शकतो. भेटीची वेळ घेतानाच घरची भाषा, शाळेची भाषा आणि कामाची भाषा तिन्ही सांगा. दुभाषा लागला तर घरातलाच नको, कारण घरचे लोक नकळत उत्तर सुचवतात.

सर्जनना हे प्रश्न लिहून न्या: असं ऑपरेशन तुमच्याकडे वर्षाला किती होतात? आमच्यासारखं कारण असलेल्यांत पाच वर्षांनी किती जण फिटमुक्त आहेत? नक्की किती आणि कोणता भाग काढणार? त्यामुळे काय जाण्याची शक्यता आहे, आणि काय नक्की जाणार आहे? फिट परत आल्या तर पुढची योजना काय? शेवटच्या प्रश्नावर उत्तर नसेल तर दुसरं मत घ्या.

पैशांचं आधी बघा. महात्मा फुले योजनेत संबंधित हॉस्पिटल आणि हे विशिष्ट ऑपरेशन दोन्ही बसतात का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधी विचारून घ्या. महाराष्ट्राबाहेर जात असाल तर आयुष्मान कार्ड चालतं का ते बघा, कारण ते इतर राज्यांतही वापरता येतं. व्हिडिओ ईईजीसाठीचं दाखल होणं आणि ऑपरेशनसाठीचं दाखल होणं यांच्या मंजुऱ्या वेगळ्या असू शकतात.

धोके, एकेक करून

स्मृती. हा सगळ्यात कमी समजावून सांगितला जाणारा आणि घरच्यांना सगळ्यात उशिरा कळणारा परिणाम. बहुतेक लोकांत भाषा डाव्या मेंदूत असते. डाव्या टेम्पोरल ऑपरेशननंतर ऐकलेलं-वाचलेलं लक्षात ठेवण्याची क्षमता सुमारे 44 टक्के लोकांत चाचणीत उतरलेली आढळते, उजव्या बाजूला सुमारे 20 टक्के. डाव्या बाजूच्या तिघांत एकाला वस्तूंची, माणसांची नावं पटकन सुचत नाहीत. नुकसान कोणाचं जास्त? ज्याची स्मृती आधी चांगली आहे आणि ज्याचा हिप्पोकॅम्पस एमआरआयमध्ये धडधाकट दिसतो, त्याचं. कारण काढला जाणारा भाग काम करत असतो. ज्याचा तो भाग आधीच आक्रसून निकामी झालाय, त्याला गमावण्यासारखं तिथे फारसं उरलेलं नसतं. शिक्षक, वकील, उधारी तोंडपाठ ठेवणारा व्यापारी यांनी हा मुद्दा फिटच्या आकड्याइतकाच गंभीरपणे घ्यावा.

सगळ्यात वाईट निकाल असा: ऑपरेशन झालं, स्मृती उतरली, आणि फिटही चालूच राहिल्या. हे ज्यांच्या बाबतीत संभवतं त्यांना अनुभवी केंद्र आधीच सांगतं, आणि अशांनी नकार दिला तर त्यात काही चूक नाही. पण हेही खरं की नुसत्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं फिट येत राहिल्या तरी स्मृती खालावतेच. तयारी म्हणून ऑपरेशनाच्या दोन-तीन महिने आधीपासून वहीची, मोबाइलच्या गजराची, यादी करून बाजारात जाण्याची सवय लावा. सवय आधी लागली तर नंतर ती आधाराला येते. नंतर नवी शिकणं जड जातं.

नजर. टेम्पोरल ऑपरेशनात नजरेचे काही धागे वाटेत येतात, त्यामुळे निम्म्याच्या आसपास लोकांना समोरच्या चित्राचा वरचा एक कोपरा दिसेनासा होतो: डाव्या बाजूचं ऑपरेशन असेल तर उजवा वरचा, आणि उलट. बहुतेकांना तो जाणवतही नाही, पण बुटक्या दाराची चौकट डोक्याला लागते, फडताळातला वरचा डबा दिसत नाही. घरी तपासायचं असेल तर हातभर अंतरावर समोरासमोर बसा, त्यांना तुमच्या नाकाकडे बघायला सांगा, एकेक डोळा झाकून चारही कोपऱ्यांत बोट हलवा. शंका आली तर नेत्रतज्ज्ञांकडून पेरिमेट्री, म्हणजे नजरेच्या परिघाची तपासणी, करून घ्या, ती सोलापुरात होते. हा दोष सहसा कायमचा राहतो. दोन-दोन दिसणं मात्र बहुतेक वेळा काही आठवड्यांत जातं.

हातापायाची कमजोरी. टेम्पोरल ऑपरेशनात ती क्वचित येते, रक्तवाहिनीला धक्का बसल्यामुळे. हाताच्या हालचालीच्या भागाजवळ ऑपरेशन असेल तर शक्यता बरीच वाढते.

मन. पहिल्या तीन ते सहा महिन्यांत उदासी, रडू येणं, चिडचिड, भीती हे सर्रास होतं, फिट पूर्ण थांबलेल्यांनाही. त्यामागे मेंदूतले बदल आहेत, लेव्हेटिरासिटॅम घेत असाल तर त्या गोळीचा चिडचिडेपणा आहे, आणि एक तिसरं कारण घरच्यांच्या लक्षात येत नाही. वीस वर्षं 'याला त्रास नको' म्हणून ज्याला कामाला लावलं नाही, त्याला महिन्याभरात 'आता बरा झालास ना, मग कामाला लाग' असं ऐकावं लागतं. मित्र नाहीत, कौशल्य नाही, आणि आता आजाराची सबबही नाही. अशा वेळी माणूस खचतो. ज्यांना आधी नैराश्य होऊन गेलंय त्यांनी ऑपरेशनाआधीच मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून ठेवा. जगण्यात अर्थ नाही असं बोलणं, झोप उडणं, कोणीतरी मागावर आहे असं वाटणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. रात्री-अपरात्री टेलिमानसचा 14416 हा मानसिक मदतीचा सरकारी क्रमांक चालू असतो.

लहान मुलांचं मोठं ऑपरेशन. एका बाजूचा अख्खा मेंदू बिघडलेला असेल तर तो दुसऱ्या बाजूपासून तोडून वेगळा करतात. फिट थांबण्याचं प्रमाण चांगलं, दहातली सात-आठ मुलं. किंमतही ठरलेली आहे: विरुद्ध हाताच्या बोटांची बारीक हालचाल जाते आणि त्या बाजूची अर्धी नजर जाते. चालता मात्र बहुतेक मुलांना येतं. यातला उशिराचा धोका म्हणजे डोक्यात पाणी साठणं, आणि ते कित्येक वर्षांनीही होऊ शकतं. डोकेदुखी, सकाळची उलटी, चालणं बिघडणं, अभ्यासात अचानक घसरण दिसली तर 'पित्त झालं असेल' म्हणून दिवस घालवू नका, सीटी करा.

काढून टाकण्यासारखा एक भाग नसेल तर वेगळे पर्याय असे. धाडकन पडण्याच्या फिटवर मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारा पूल कापतात. त्याने पडणं थांबतं किंवा बरंच कमी होतं, फिटमुक्ती क्वचित. छातीत बसवायचं, मानेतल्या व्हेगस नर्व्हला विजेचे हलके झटके देणारं यंत्र निम्म्या लोकांत फिट निम्म्यावर आणतं, आवाज थोडा घोगरा होतो, बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते.

घरी आल्यावरचे पहिले दोन महिने

विमानाने परतायचं असेल तर सर्जनची परवानगी घ्या, कवटीत हवा राहिलेली असते. रेल्वेत खालचा बर्थ आणि गोळ्या हातातल्या पिशवीत.

कानाजवळचा जबड्याचा स्नायू कापलेला असतो, म्हणून तोंड पूर्ण उघडत नाही आणि भाकरी चावताना दुखतं. काही आठवडे भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करून द्या. सोलापूरची कडक भाकरी नंतर. टाक्यांभोवती बधिरपणा आणि खुट्ट आवाज येणं यात घाबरण्यासारखं नाही. थकवा दोन-तीन महिने राहतो. ऑपरेशन उन्हाळ्यात झालं तर दुपारी बाहेर पडणं टाळा, जखमेवर सुती रुमाल ठेवा, आणि उकाड्याने रात्रीची झोप मोडत असेल तर तिची भरपाई करा. अपुऱ्या झोपेने फिट येते, ऑपरेशन झालं असलं तरीही.

ताप आणि मान आखडणं, जखमेतून किंवा नाकातून पाण्यासारखं गळणं, वाढती गुंगी, एका पोटरीला सूज आणि दुखणं: यातलं काहीही दिसलं तर थेट हॉस्पिटल गाठा.

पहिल्या आठवड्यात एखादी फिट आली तर ऑपरेशन फसलं असा अर्थ लगेच काढू नका. मेंदूची सूज हे कारण असू शकतं. सर्जनना कळवा आणि नोंद करा.

डिस्चार्जनंतर दोन-तीन आठवड्यांनी काढलेल्या तुकड्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट तयार होतो. तोवर कुटुंब सोलापुरात आलेलं असतं आणि कित्येक रिपोर्ट तिथेच पडून राहतात. पुढचा अंदाज आणि गोळ्या कमी करण्याचा निर्णय बराचसा त्यावर ठरतो. तो मागवून घ्या.

नोंद आणि गोळ्या

भिंतीवरच्या कालनिर्णयावर नोंद ठेवा, वेगळी वही मागे पडते. तारखेच्या चौकोनात एक अक्षर पुरतं: मोठी फिट 'मो', तंद्री लागली तर 'त', नुसती पूर्वसूचना 'प', झोपेत आली तर शेजारी 'झ', गोळी चुकली तर 'गो'. वेळ आकड्यात. महिना संपला की पानाचा फोटो काढून ठेवा. 'प' लिहायला विसरू नका. 'ते काय फिट नव्हे' म्हणून पूर्वसूचना सोडल्या जातात, आणि मग डॉक्टर सगळं शांत आहे असं समजून गोळी कमी करतात.

परत येणाऱ्या फिट बहुतेक पहिल्या वर्षात येतात. दोन वर्षं काहीच नाही, पूर्वसूचनाही नाही, तर पुढची वाट बरीच चांगली. तरी पाचव्या-सातव्या वर्षी परतलेल्याही आहेत.

गोळ्या किमान एक-दोन वर्षं तशाच चालू. त्यानंतर एका वेळी एकच, आणि हळूहळू. क्लोबाझाम आणि फिनोबार्बिटल तर फारच सावकाश, कारण त्या अचानक सोडल्यानेच फिट येते. कमी करताना चौघांत एकापासून तिघांत एकापर्यंत लोकांना फिट परततात. परत सुरू केल्यावर बहुतेकांच्या पुन्हा थांबतात, पण सगळ्यांच्या नाही. हे आधी माहीत असू द्या. घराचं उत्पन्न ज्याच्यावर चालतं त्याने एक गोळी आयुष्यभर ठेवायचं ठरवलं तर तो शहाणपणाचा निर्णय आहे.

दोन डोसांत बारा तासांचं अंतर. एकादशीला किंवा कुठल्याही उपवासाला गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. रोजे ठेवणाऱ्यांनी महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून वेळा बसवून घ्या. गड्ड्याच्या यात्रेत जागरण आणि चुकलेली गोळी एकत्र येतात, त्या दिवसांत मोबाइलला गजर लावा. आणि जुलाब, ताप, अंगदुखीसाठी गल्लीतल्या डॉक्टरकडे गेलात तर 'फिटची औषधं चालू आहेत' हे आधी सांगा. ऑफ्लॉक्सासिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ट्रॅमाडॉल यांनी फिट येऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिनने कार्बामाझेपीन रक्तात वाढून चक्कर, दोन-दोन दिसणं सुरू होतं.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, घड्याळ बघा, तोंडात चमचा किंवा पाणी घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलामचा नाकातला स्प्रे आणि 108.

काम, गाडी, लग्न

यंत्रमागावर परत जायचं असेल तर पहिलं वर्ष फिरत्या पट्ट्यांजवळ आणि रात्रपाळीत नको. टॉवेल-चादरीच्या कारखान्यात घडी, तपासणी, पॅकिंग अशी दिवसपाळीची कामं मागून घ्या. मालकाला लेखी पत्र हवं असेल तर न्यूरोलॉजिस्ट देतात. शेतावर विहिरीची मोटर चालू करायला एकट्याने जाऊ नका.

लायसन्सच्या अर्जातल्या फॉर्म 1 मध्ये अपस्मार (फिटचा आजार) आहे का, अचानक शुद्ध हरपते का, असा थेट प्रश्न असतो. खोटं लिहू नका. अपघात झाला तर विमा आणि कायदा दोन्ही अंगावर येतात. नजरेचा कोपरा गेला असेल तर फिट थांबूनही दुचाकी धोक्याची. तपासणीशिवाय हातात घेऊ नका.

लग्न ठरवताना आजार आणि ऑपरेशन दोन्ही सांगा. फिटच्या आजारामुळे हिंदू विवाह कायद्यात लग्नाला असलेली अडचण 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकली आहे, त्यामुळे लपवण्याचं कारण उरलेलं नाही. लपवलेली गोळी मात्र पहिल्या आठवड्यातच चुकते. मूल हवं असेल तर गर्भ राहण्याच्या कित्येक महिने आधी न्यूरोलॉजिस्टना भेटा: व्हॅल्प्रोएट बाळाला घातक ठरू शकतं, ते आधीच बदलावं लागतं, आणि फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू करतात. दिवस गेल्यावर घाबरून स्वतःहून गोळ्या बंद करणं सगळ्यात धोक्याचं. त्या काळात लॅमोट्रिजीनसारख्या गोळीची रक्तातली पातळी खाली जाते, म्हणून उलट डोस वाढवावा लागू शकतो. बाळंतपण नैसर्गिक होऊ शकतं, नुसत्या जुन्या मेंदूच्या ऑपरेशनामुळे सिझर करावं लागत नाही. प्रसूतीच्या नोंदणीच्या वेळी डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचा तपशील आणि चालू गोळ्यांची यादी यांच्या झेरॉक्स फाइलला लावून द्या.